सात घरांच्या किल्ल्या

मंगळवार, डिसेंबर. शिरड शहापूर, भाड्याची खोली, संध्याकाळ.

आज चांगलीच तोंडघशी पडले. सांगायला इथे कुणी नाही, म्हणून लिहितेय.

तांड्यातल्या लोकांनीच आपल्या तांड्याचे फोटो काढावेत, म्हणून मी पुण्याहून कॅमेरे घेऊन आले. इथे पाहते तर निम्मा तांडा ऊसतोडीला गेलेला. मागे राहिलेल्या धुरपतामावशींना म्हटलं होतं, आपल्या माणसांचे फोटो काढा. त्यांनी काढले सात बंद दारांचे. सात कुलपं! मी हरखलेच. केवढं हे एकटेपण, पुण्याच्या प्रदर्शनात हेच सगळ्यात पुढे लावू, असं बोलूनही गेले.

मावशी घाबरल्या. "न्हाई पोरी, लावू नको. कुलपं दिसली की चोराला कळतंय, घरी कोनी न्हाई."

"मग काढले काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"माझीच मानसं हायेत ती. जाताना किल्ल्या माझ्यापाशी देऊन गेली. दर सोमवारी दार उघडते, झाडते, दिवा लावते."

कमरेचा जुडगा त्यांनी वाजवून दाखवला. एकटेपण होतं कुठे त्या फोटोंत? ते मीच घातलं ना?

निघताना त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या घराची किल्ली कोनापाशी हाय?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुण्याच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. कुलपासोबत मिळालेली दुसरीही तिथेच, अजून दुकानातल्या तारेतच अडकवलेली.