मिरचीचे हात

माय, आज तुझ्या पणतीने मला गप्प केलं, आणि ते सोपं काम नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? ती लाल मिरच्यांची देठं खुडत होती. हात भगभगू लागले तशी मी म्हणाले, "नळाखाली धर." तिने सरळ तेलाची बाटली उचलली. "आजी, बारावीला केमिस्ट्री तूच शिकवायचीस ना? की दुसरं कोणी?" मी तिच्यासमोर खाली बसले, शिकायला बसावं तशी.

बत्तीस वर्षं मी फळ्यावर हायड्रोजन बंध काढले. पाण्याचे रेणू या बंधांनी एकमेकांना धरून बसतात, म्हणून रेणू एवढासा असूनही पाणी उकळायला शंभर अंश लागतात. त्याहून जड हायड्रोजन सल्फाइड मात्र नेहमीच्या तापमानालाच वायू असतो. साखरेला पाण्याशी असे बंध जोडता येतात, ती विरघळते. लांब तेलकट शेपटाच्या रेणूला पाणी आपल्यात घेत नाही, आणि मिरचीचं तिखट नेमकं तसलं, तेलातच विरघळणारं. सगळं तोंडपाठ, पण तुझे हात एकदाही आठवले नाहीत. असल्या बाईला शिक्षिका कोणी केलं?

पथारीवर, त्या मोकळ्या मैदानात, दिवसभर मिरच्या वाळत घालून तू यायचीस, आधी हातांना तेल चोळायचीस, मग साबण. "मिरचीनी आग पानीघाई जात नही, बेटा. तेलच ती वढी लेस." सिस्टरांच्या शाळेत जाणारी मी नाक मुरडायची. बक्षीस समारंभाच्या दिवशी तर मी बाटलीच लपवली. तुझे तेलकट हात सिस्टरांच्या पांढऱ्या झग्याला लागले असते. तीनदा नुसत्या पाण्याने धुवायला लावले. तू निमूट धुतलेस.

मी व्यासपीठावर आहे, तू तिसऱ्या रांगेत, हात पदराखाली. माझं नाव पुकारतात, तू डोळा पुसतेस आणि मग पाणी थांबतच नाही. सिस्टर म्हणाल्या, "आईला किती भरून आलंय बघ." मी हो म्हणाले. पुढे ती गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगितली, निवृत्तीच्या भाषणातसुद्धा. बायकांनी रुमाल काढले.

ते रडणं मिरचीचं होतं, हे मला आज कळलं, असं लिहून मी ही वही मिटणार होते. पण खोटं कशाला? मला तेव्हाच कळलं होतं. घरी आल्यावर तू फडताळात बाटली शोधत होतीस, आणि मी पुस्तक उघडून बसले होते.