कठड्यापासून दूर धावणारी घोडी

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आजवर रेसच्या पेपरात नुसते निकाल टाइप करत होते, आता अंदाज लिहायला मिळालाय. संपादकांनी बजावलंय, पंधरा तारखेच्या मोठ्या रेसचा अंदाज चुकला तर चालेल, पण हसं झालं तर परत टाइपिंग. मी ढवळ्या घोड्याला पहिला नंबर देणार आहे. सकाळच्या सरावात त्याचीच वेळ सगळ्यांत कमी आहे. वेळ मोजणाऱ्या मशीनने छापलेला कागद समोर आहे. तू एकतीस वर्षं सरावाच्या वेळा घेतल्यास, म्हणून आशीर्वाद मागते. मशीन आलं आणि तू रुसून घरी बसलीस, त्याला चार वर्षं झाली. बाबा म्हणतात, ताईचा राग घोड्यापेक्षा लांब धावतो.

रागातूनही माझ्यापुरती माया वेगळी काढून ठेव.

तुझी भाची

ता. ६ मार्च

चि. भाचीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद तुला आहे, अंदाजाला नाही. वेळ म्हणजे नुसते मार्क. पेपर सोपा होता की अवघड, ते कोण बघणार? ढवळ्यावर किती वजनाचा माणूस होता? तो आतल्या कठड्याला चिकटून पळाला की बाहेरून? चाबूक खावा लागला की लगाम खेचून धरावा लागला? थांबल्यावर धापा किती? मशीनला विचार, आणि उत्तर आलं नाही तर पहाटे उठून स्वतः बघ. मग मागच्या रेसचे निकाल काढ. कितवा आला हे नंतर वाच. किती अंतरात, आणि शेवटी पुढे सरकत होता की मागे पडत होता, ते आधी.

झोपमोड झाली तर मला खुशाल बोल लाव, पण पत्र टाक.

तुझी आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चार दिवस पहाटे कठड्यापाशी उभी होते. पाय गारठले, डोळे मात्र उघडले. ढवळ्यावर हलकाफुलका जॉकी, आतली जवळची वाट, वर चाबूक. थांबल्यावर भात्यासारखा धापा टाकत होता. आणि एक तांबूस घोडी आहे, सात वर्षांची, तिला सगळे म्हातारी म्हणतात. तिची वेळ तीन सेकंद जास्त. पण तिच्यावर तबेल्याचा मुकादम बसतो, जॉकीपेक्षा वीस किलो जड. तो तिला कठड्यापासून दूर, लांबच्या वाटेने नेतो आणि दोन्ही हातांनी आवरून धरतो. तरी थांबल्यावर तिचा श्वास शांत. निकाल काढले. पाच रेस हरली, पाचही कमी अंतराच्या, आणि प्रत्येकीत शेवटी इतरांना गाठत आलेली. लांब अंतरात एकदाच धावली, ती जिंकली. रविवारची रेस लांब अंतराचीच आहे.

मुकादम म्हणाला, असले प्रश्न विचारणारी तुझ्यानंतर मीच. यंदा हरली तर मालक तिला विकणार, म्हणून बिचारा कासावीस आहे. मी म्हातारीला पहिला नंबर दिला. संपादकांनी कपाळाला हात लावला आणि खाली छापलं, हे लेखिकेचं वैयक्तिक मत.

रविवारी ये ना. लोभ आहेच, तो घरात बसून वाया घालवू नकोस.

तुझी भाची

ता. १७ मार्च

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तू पेपरवाल्यांच्या माडीवर होतीस आणि मी खाली कठड्याला. येणार नव्हते. बूट पुसले ते सहज, मग पायच निघाले.

वळणापर्यंत म्हातारी शेवटून दुसरी. शेजारचे एक गृहस्थ तुझा पेपर हातात धरून तुझ्या नावाने बोटं मोडत होते. त्यांना म्हटलं, जरा दम धरा. मग ढवळ्याची दमछाक झाली, आणि म्हातारी बाहेरून एकेकाला मागे टाकत आली. किती वेळात ते विचारू नकोस. स्टॉपवॉच खिशात राहिलं आणि मी दोन्ही हात वर करून ओरडत होते. मानेच्या अंतराने जिंकली. गृहस्थांनी मला मिठी मारली आणि मी ती मारू दिली. मुकादम घोडीच्या गळ्यात पडून रडत होता. म्हणाला, मालक आता तिला विकत नाही.

तुला भेटायला वर येत होते, पण जिन्यात तुझे संपादक सगळ्यांना सांगत होते की ही घोडी त्यांनीच हेरली होती. म्हटलं, कशाला कुणाच्या आनंदावर विरजण घाला.

काल पहाटे पुन्हा कठड्यापाशी गेले. मशीन सांभाळणाऱ्या बाईंनी खुर्ची दिली आणि विचारलं, तो नवा काळा घोडा कसा वाटतो. मी म्हटलं, भाचीला विचारून सांगते.

तर उलट टपाली कळव, आणि म्हातारीइतकाच मलाही जीव लाव.

तुझी आत्या