सहावीच्या वर्गावरचा स्लॅब

आबा, तुम्ही टाकलेल्या स्लॅबखालच्या शाळेत मी मुख्याध्यापिका झाले, हे तुम्ही बघितलं असतंत तर खुश झाला असतात की घाबरला असतात, मला सांगता येत नाही. मी मात्र घाबरले आहे. गेल्या महिन्यात शाळेत सौर विजेचा करार आला. पॅनल एका कंपनीच्या मालकीचे, बसवायचा खर्च आणि देखभाल तिचीच. आपण फक्त छत द्यायचं आणि पंचवीस वर्षं तिच्याकडून वीज घ्यायची, आजच्या वीजबिलापेक्षा कमी दरानं. एवढे पॅनल विकत घेणं आपल्या शाळेला कधी जमलंच नसतं. उन्हाळ्यात वर्गातले पंखे फिरत राहतील म्हणून सगळे खुश होते. मीही होते, सातव्या पानापर्यंत. तिथे लिहिलं होतं, हे वजन पेलण्याइतकं छत भक्कम आहे याची हमी शाळेची. खाली सही माझी.

ते वाचलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी आठ-नऊ वर्षांची. तुम्ही दिवसभर शाळेच्या पूर्वेकडच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकून आला आहात, हातापायांवर सिमेंट वाळलंय, आणि समोरचं ताट तसंच आहे. आई विचारते, काय झालं. तुम्ही चुलीकडे बघत म्हणता, "सिमिट कमी पडनं. ठेकेदार म्हने, वाळू वाढाव. मी वाढाई दिन्ही." आई चुलीतलं लाकूड मागे ओढते. मग म्हणते, "आते कोनले सांगू नका." मी दाराआड भाकरी चावायची थांबले होते. पुढे एकदा त्याच शाळेच्या भिंतीवर मी खडूनं मोर काढला, तर तुम्ही खेकसलात, भिंतीपासून लांब राहत जा म्हणून. भिंत घाण केली म्हणून रागावलात, असं मी स्वतःला समजावलं.

संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना अख्खा गाव नाना म्हणतो, ते करार घेऊन समोर बसले होते.

"करा सही, मॅडम. कंपनी दुसरी शाळा बघेल."

"नाना, आधी छत तपासून घेऊ."

"चाळीस वर्षं झाली, उभंच शे ना ते!"

"उभं आहे. पण वर वजन कुठे होतं?"

ते चिडून उठून गेले. धुळ्याहून इंजिनिअर यायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत मी रोज काही ना काही निमित्त काढून पूर्वेकडच्या त्या खोलीत, सहावीच्या वर्गात, जात होते. मुलं कविता म्हणायची आणि मी वर बघत उभी राहायचे. पंखा जरा खडखडला तरी मी तो बंद करायचे. इंजिनिअर आले, हातोडीसारखं यंत्र स्लॅबला टेकवत गेले, एका कोपऱ्यात गिलावा फोडून आतली सळई बघितली. खाली आल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, पॅनलचं सोडा. मुलांना आजच इथून हलवा."

आता सहावी सभागृहात बसते. त्या दोन खोल्या पाडायच्या ठरल्या. पॅनल शाळेच्या नंतर बांधलेल्या नव्या इमारतीवर लागतील, थोडे कमी. ते छतही तपासून झालं, कंपनीनं सातवं पान बदलून दिलं, आणि मी सही केली. नाना म्हणाले, "वाचलो आपण. पण तुम्हाला शंका आली कशी?" मी म्हणाले, "ओल दिसली."

या पत्राला पत्ता नाही. आई आहे अजून, पण तिला वाचून दाखवायची हिंमत नाही. तुमचं नाव मी झाकलं असं तुम्हाला वाटेल. तसं नाही, आबा. मला मुख्याध्यापिका होऊन अकरा वर्षं झाली. माझी मुलगी सहावीत गेली, त्या वर्षी मी सहावीचा वर्ग नव्या इमारतीत हलवला. शिक्षकांनी विचारलं तर म्हणाले, तिकडे उजेड चांगला येतो. पुढच्या वर्षी सहावी परत त्याच खोलीत नेली.