माह्या जाळ्याचा ढीग

हैदराबाद
१७ फेब्रुवारी २००४

धनराजभाऊले हेमराजचा रामराम. वहिनीले नमस्कार, सोनूले आशीर्वाद. मी बरा आहो.

तर तू पत्रात पुन्हा तेच लिहिलं, का जो तलावावर उभा राह्यत नाई त्याचं जाळं कायचं? मी मागं फोनवर जे म्हणलं तेच आजबी म्हणतो. बाहेरगावी गेलेल्याचं जाळं त्याचा भाऊ टाकते, ही आपल्या ढिवर लोकायची रीत आहे. पत्रूकाका गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात होता, तवा त्याचं जाळं त्याच्या भावानं, खुशालनं टाकलं अन् त्याच्या वाट्याच्या मासोळीचा ढीग काकूच्या पाटीत गेला. कोणी हूं का चूं केलं नाई. गेल्या उन्हाळ्यात माह्यं जाळं तुनं खुंटीवरून काढलंबी नाई. वरून तलावाच्या पाळीवर उभा राहून साऱ्या गावासमोर म्हणला, "हेमराज आता कम्प्युटरवाला झाला, त्याले मासोळी काऊन पाह्यजे?" लोक हासले. डोमा आपला मामेभाऊ, त्यानं मले सांगतलं.

माह्या ढिगावर आई जगते हे तुले माहीत नव्हतं का? ती वाळवून ठेवते, पावसाळाभर खाते, उरलं तर बाजारात विकते. गेल्या पावसाळ्यात ती तुह्या दारात मागायले आली नाई अन् तू विचारायले गेला नाई. मधात एक भिंत आहे फक्त. औंदाबी जाळं पडलं नाई तर रीतीनं माह्यं नाव तलावातून जाते. तू त्याचीच वाट पाहून राह्यला.

असो. पत्रात हालहवाल लिहावा लागते म्हणून लिहितो.

तुले वाटते मी इथी पंख्याखाली बसतो. बसतो. बल्लारपूरले दुकानायच्या पाट्या रंगवत होतो, आता कम्प्युटरवर त्यायच्या वेबसाईट सजवतो. कुठी फोटो, कुठी अक्षर, कोणता रंग. इंग्रजी लिहिणारे दुसरे आहेत. पण डोमाचा फोन आल्यापासून हातच चालेना. एका बोअरवेलवाल्याचं काम चारदा वापस आलं. आमचे श्रीनिवास सर म्हणे, "क्या रे, तेरे पेजां मरे हुए दिखरे. गाँव में कोई गुजर गया क्या?" मी म्हणलं, नाई सर. मग त्यायनं मले आमच्या धंद्याच्या कॉन्फरन्सले पाठवलं. "जा, बैठ के सुन. दिल लगेगा. नहीं लगा तो खाना अच्छा है."

मोठं हॉटेल. गळ्यात नावाची चिठ्ठी, जशी बैलबाजारात बैलाले लावतात. कुठून कुठून वेबसाईटवाले आलते. सारं इंग्रजीत. बाजूले नागपूरची दिव्यानी नावाची पोरगी होती, तिलेच माही दया आली.

"अहो, हासा. जोक मारला त्यानं."

मी हासलो. तवापर्यंत सारे हासून चूप झाले होते.

दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या दाढीवाला बोलायले उभा राह्यला. दिव्यानी माह्या कानाशी सांगे, "तो म्हणते, कामात जीव लागत नसन तर डोळे मिटा. ज्याले आपलं काम दाखवावं वाटते तो एक माणूस समोर आणा. मग त्याच्यासाठीच करा."

साऱ्यायनं डोळे मिटले. कोणाची माय आली असन, कोणाची बायको. माह्यासमोर तू आला. पाळीवर उभा, लुंगी खोचलेली, दात काढून राह्यला.

"काय झालं? रडून राह्यले का तुम्ही?"

"एसी लागली."

"कोण आलं समोर?"

"मोठा भाऊ."

"किती छान!" म्हणे.

काय सांगावं तिले? पण त्या दाढीवाल्याची गोष्ट खरी निघाली. वापस आलो अन् बोअरवेलवाल्याचं काम एका बैठकीत केलं. सर म्हणे, "अब पानी आया!" तवापासून मशीन सुरू केली का पहिले तुह्यं तोंड आणतो. एकेक रंग तुले दाखवून भरतो. पाह्य म्हणतो, हास आता. पगार वाढला तो तुह्या त्या तोंडानं वाढला, खोटं नाई बोलत.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो. कॉन्फरन्सच्या आधी मी थैली भरून ठेवली होती. नोकरी सोडून यायचं होतं. तुह्याच डोंग्यात बसलो असतो, तू वल्हवला असता, मी जाळं टाकलं असतं, बाबा होते तवा बसत होतो तसं. मग ध्यानात आलं, का जाळं टाकायची जागाच तुनं ठेवली नाई. थैली खाली केली. हा राग गेला तर मी काम कायच्या भरोशावर करीन, मले माहीत नाई. म्हणून तू माफी मागू नको. तसाबी तू मागणार नाई.

आता तू लिहितो का मत्स्यबीजाची वर्गणी भरायची आहे, दोन्ही जाळ्याचे बाराशे पाठव, "आपलं घर एकच आहे." पैसे लागले तवा घर एक झालं? तुह्याजवळ वर्गणी नाई तर तुह्यं जाळंबी नाई, उन्हाळ्यात तूबी पाळीवर बस. लोकायचे ढीग मोज. आईले पावसाळाभर कसं वाटलं ते तुले कोरड्या पायानं समजन.

माह्यं जाळं डोमा टाकन. त्याले सांगून ठेवलं आहे, ढीग पडला का माह्यं नाव घेऊ नको, आईचं नाव जोरानं पुकार, "सुगंधाबाईचा!" गावानं ऐकलं पाह्यजे. तू तिथीच असशीन.

हे पत्र आईले वाचून दाखवू नको. ती तुह्याच बाजूनं बोलन.

तुह्या पाठचा,
हेमराज

मनिऑर्डर आईच्या नावानं, डोमाच्या पत्त्यावर केली आहे. एका जाळ्याची. सहाशे रुपये.