गड्याचा रोज, बाईचा रोज

३ नोव्हें., सोमवार
कॅन्टीनमध्ये नितीन सहज बोलून गेला, त्याला पगार किती ते. माझ्याहून चांगलाच जास्त. दोघंही क्वालिटीत, काम तेच. पार्ट कसा तपासायचा हे मीच शिकवलं त्याला, दिवाळीच्या आधी! चहा तसाच ठेवून उठले. उद्या साहेबांना विचारणार.

४ नोव्हें., मंगळ.
विचारलं. साहेब हसले. "अहो, त्याला घर चालवायचंय. तुम्ही काय, उद्या लग्न करून जाल."
डोकं फिरलं. आणि तोंडातून निघालं काय, तर "बरं सर". बरं सर! स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत राहिली.
लेखी अर्ज देणार. सोमवारी मोठे साहेब येतात, त्यांच्याच हातात. नोकरी गेली तर... बघू.

६ नोव्हें., गुरु.
कंपनीला सुट्टी. आमच्या खाचरात भातकापणी. संध्याकाळी आबांनी ओट्यावर बसून रोज वाटला. गड्यांना जास्त, बायांना कमी. दरवर्षीचंच, पण आज डोळ्यांत खुपलं. गडी मधेमधे तंबाखू मळत होते. शांताबाई दिवसभर वाकलेली. नवरा नाही, दोन पोरं तिच्याच जिवावर.
"आबा, बायांना कमी का?"
"रीत हाय. गड्याला घर चालवायचं असतं."
अक्षरशः साहेबांचं वाक्य! मग काय, बाप-लेकीची जुंपली. "आन् शांताबाईचं घर कोण चालवतं?" तर म्हणे, "लई शिकलीस. तुज्या पगारातनं दे मग." बाया ऐकत उभ्या. आई विळे गोळा करत राहिली. तिचाच जास्त राग आला.

७ नोव्हें., शुक्र.
गडी आज दुसऱ्यांच्या कापणीला गेलेले. सकाळी बाया आल्या, पण खाचरात उतरल्याच नाहीत. बांधावर बसल्या. शांताबाई म्हणाली, "गड्याइतका रोज द्या, न्हाईतर आमी चाललो." आभाळ भरून आलेलं, भात पिकून आडवं झालेलं. आबा माझ्यावर ओरडले, "ही तुजीच करणी!" असेल. असू दे.
तेवढ्यात आई विळा घेऊन निघाली. म्हटलं, झालं, आता ही एकटी कापणार. तर ती जाऊन शांताबाईशेजारी बसली.
आबा म्हणाले, "तू कशाला बसलीस? तू काय रोजानं हायेस व्हय?"
"त्येच म्हणतीया. लग्न झाल्यापासनं कापतीया. मला कवा रोज दिला?"
आबा एकटेच खाचरात उतरले. माझी कंपनीची बस चुकली. चुकू दे.

१० नोव्हें., सोम.
निम्मं खाचर कापायचं राहिलंय. आबा जेवायला तेवढे घरात येतात. बाया अजून आलेल्या नाहीत.
अर्ज पर्समध्ये ठेवला. बसमध्ये बसून लिहितेय. निघताना आई दारापर्यंत आली. डबा हातात देत एवढंच म्हणाली, "आज 'बरं' म्हणून येऊ नगंस."