डब्यातल्या वहीत माझं नाव

बिशप गाव, रविवार

प्रिय हार्लन,

मी धडधाकट आहे, गुडघे तेवढे सोलवटलेत. आमची वाटाडी इर्मा आम्हाला सकाळी डोंगरावर चढवते आणि संध्याकाळी खाली आणते.

मंगळवारी सॅन गॅब्रिएल डोंगररांगेतल्या एका शिखरावर दगडांत पत्र्याचा डबा सापडला. आत वही. चढून आलेले त्यात नावं लिहितात. तुझं अक्षर लगेच ओळखलं : 'हार्लन आणि वर्ना, १९८७.' मी कधी वर आले रे? मी तर खाली गाडीत बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होते!

काल सिएरा पर्वतात शेवटचा कडा हातापायांनी दगड धरत चढले. तिथल्या डब्यातल्या वहीतही तेच, दोघांची नावं. इर्मा म्हणाली, "बाई, तुझा नवरा एक तर थापाड्या आहे, नाहीतर तुझ्यावर भाळलेला." एकदा तरी तोंडानं 'चल' म्हणाला असतास!

डब्यातली पेन्सिल उचलली. मग माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं : 'वर्ना आणि हार्लन.'

आता मीही थापाडी झाले. काठी घेऊन अंगणात तरी जातोस का? मोडलेला पाय जुळलाय असं डॉक्टर सांगून थकले, तू खुर्ची सोडत नाहीस. ऊठ आता. माझी थाप खरी करायला तुलाच वर यावं लागेल.

गाडीत न बसलेली तुझी,
वर्ना