बेटाचा रोडगा

अहो,

नवऱ्याला पत्र लिहिताना वर काय घालतात, हे मला आजवर कळलेलं नाही. लग्नापासून 'अहो'वर भागलं, आता शेवटी 'प्रिय' लिहिलं तर तुम्हीच हसाल.

उद्या भाऊजी रामटेकला, अंबाळ्याच्या घाटावर, तुमचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देणार आहेत. देह सापडला नाही तर असंच करतात म्हणे. तुमचे धाकटे भाऊ, पण वर्षभर वडीलधाऱ्यासारखे माझ्या मागे लागले होते. "वहिनी, आता दादाले जाऊ द्या." मी कुंकू पुसायला तयार नव्हते. नाही म्हणजे नाही! मग गेल्या आठवड्यात मी तुमच्या त्या बेटावर जाऊन आले, आणि येताना जे पदरात लपवून आणलं ते आत्ता ओट्यावर पितळेच्या डब्यात आहे. त्याचं काय करायचं, ते उद्याच्या आत ठरवायला हवं. तुमच्याशी बोलल्याशिवाय मी कधी काही ठरवलंय का?

तुम्हाला आठवतं, नंदनवनातल्या आपल्या एवढ्याशा अंगणात तुम्ही नाव बांधायला घेतलीत तेव्हा अख्खी आळी बघायला यायची. नळाला पाणी नाही आणि दारात नाव! हिंगण्याच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून यायचात आणि रंधा घेऊन बसायचात. नावेला माझं नाव देतो म्हणालात, आणि रंगवलंत काय, तर 'मैना'. विचारलं तर म्हणे, "नलिनी लिवाले जागा कमी पडते वं." चार बोटं जागा उरली होती, मी मोजली होती.

पण खरं सांगते, त्या नावेनं मला जे दिलं ते दागिन्यांनी दिलं नाही. थंडी पडली की भंडाऱ्याच्या पुढच्या त्या धरणावर आपल्या तीन नावा निघायच्या. एक आपली, एक दातांच्या डॉक्टरांची आणि एक रेल्वेतले गार्डसाहेब आणि शांतावहिनींची. एका बेटावर चहा, दुसऱ्यावर जेवण, तिसऱ्यावर तंबू. मधल्या पाण्यात तुम्ही तिघं शर्यत लावायचे आणि मी नि शांतावहिनी देवाचं नाव घेत नावेचा काठ धरून बसायचो. किती हसायचो आपण!

ती बेटं म्हणजे धरण होण्याआधीचे डोंगर. खाली गाव होतं. लोक उठून गेले, डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले. शांतावहिनींनीच पहिल्या वर्षी नियम घातला. आपण गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायचो ना, तेव्हा त्या म्हणाल्या, "आपन कोनाच्या तरी डोंगरावर चूल मांडून राहिलो. पहिला रोडगा त्याइले." तेव्हापासून प्रत्येक बेटावर पहिला भाजलेला रोडगा गरम राखेत पुरून ठेवायचा आणि निघायचं. निघालं की त्या फेरीत त्या बेटावर परत जायचं नाही. पुढच्या वेळी यायचो तेव्हा राख उकरलेली असायची, रोडगा नसायचा. भोवती पाऊल नाही, ओरखडा नाही. डॉक्टर म्हणायचे, कोल्हा असेल. एवढं पाणी पोहून एका रोडग्यासाठी येणारा कोल्हा! तरी आम्ही तेच मानत होतो, कारण दुसरं काय मानणार?

तुम्हाला मात्र राहवायचं नाही.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की हातातला कप दिसत नव्हता. आदल्या दिवशी मधल्या बेटावर जेवून आपण पुढच्या बेटावर मुक्काम केला होता. तुम्ही उठलात, स्वेटर घातलात आणि म्हणालात, "मी पाहूनच येतो कोन खाते तं." शांतावहिनी ओरडल्या, "भाऊजी, नका जाऊ गा! काहून खोड काढता?" गार्डसाहेबही नको म्हणाले. तुम्ही ऐकणारे थोडेच! इंजिन सुरू करता करता मला म्हणालात, "मले उशीर झाला तं तू जेवून घेजो वं."

हेच वाक्य. रोज सकाळी डबा हातात घेऊन सायकलवर टांग टाकताना म्हणायचात तेच. शिफ्ट लांबायची, मित्र भेटायचे, आणि मी तुमचं ताट झाकून, दाराला पाठ टेकून बसलेली. जेवून घे म्हणणारा माणूस आला नाही तर घास उतरतो का? हे तुम्हाला कधी कळलंच नाही. आणि मी माहेराहून उशिरा यायची तेव्हा कढईत काय असायचं? पळी! इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी माझ्यासाठी पोळी झाकून ठेवलीत का हो?

धुकं निवळल्यावर डॉक्टर आणि गार्डसाहेब तुम्हाला बघायला गेले. मैना बेटाला बांधलेली होती, गाठ तुमचीच. चपला काठावर शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढतात तशा. चुलीतली राख उकरलेली, आणि पळसाच्या पानावर अर्धा खाल्लेला रोडगा. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि लगेच ओळखलं. तुमच्या पुढच्या दोन दातांमधली फट त्यांना पाठ होती, कितीदा तरी बुजवतो म्हणाले होते. त्या घासावर तीच फट उमटलेली.

पोलीस आले. तिथल्या ढिवर कोळ्यांनी जाळी टाकली, पाणबुडे उतरले. स्वेटरचा धागासुद्धा सापडला नाही. म्हणून तर मी अडून बसले होते. पाण्यानं माणूस ठेवून घेतला तर कधीतरी परत देतंच. तुम्हाला दिलं नाही, म्हणजे तुम्ही पाण्यात नाहीच, असा माझा हिशेब.

गेल्या आठवड्यात मीच डॉक्टरांना म्हटलं, एकदा ती जागा बघू द्या. गार्डसाहेब आणि शांतावहिनीही आल्या. त्या बेटावर आता कुणी उतरत नाही, ढिवरसुद्धा लांबून वळसा घालतात. गवत कमरेइतकं वाढलंय. पण आपली तीन दगडांची चूल स्वच्छ! कुणी रोज झाडून ठेवावी तशी. मी वाकून राखेवर हात ठेवला.

राख गरम होती, अहो.

बोटानं उकरली तर आत एक रोडगा. छान भाजलेला, वरून तडकलेला. कडा मोडली तर ओव्याचा वास आला. आपल्या मंडळीत रोडग्यात ओवा घालणारे तुम्ही एकटे. शांतावहिनी नाक मुरडायच्या तरी तुम्ही घालायचेच. मला रडू फुटलं. आनंदानं हो! म्हटलं, आहेत, इथेच आहेत, आणि बघा, माझ्यासाठी ठेवलंय. शांतावहिनींनी माझं मनगट धरलं.

"टाक वं नलू ते."

"माझ्यासाठीच ठेवलाय, वहिनी."

"तुह्यासाठीच ठेवला हाय, म्हनूनच खाऊ नको. भाऊजींनी त्याइचा खाल्ला, ते तिकडचे झाले. आता तिकडून तुले वाढून राहिले."

मी बरं म्हटलं आणि त्यांची पाठ वळल्यावर तो पदरात बांधला.

आठवडा झाला, डबा अजून गरम आहे. मुंगी फिरकत नाही, बुरशी नाही. रोज दुपारी मी झाकण उघडून बसते. एक घास! एका घासात मी तुमच्याजवळ. मला काय वाटत असेल, तुम्हीच सांगा. इथे रिकामी खाट आणि खुंटीवर तुमची सायकलची क्लिप. तिथे झाडलेली चूल. मी जवळजवळ ठरवलं होतं.

पण मंजू बाळंतपणाला आलीय. तुमची मंजू, पहिलटकरीण, नववा लागलाय. पहिल्या दिवसापासून विचारतेय, "आई, हा ओव्याचा वास कसला? बाबांसारखे रोडगे केलेस?" मी उडवून लावत होते. काल दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आत आले तर पोर ओट्याशी उभी, डबा उघडा, आणि रोडगा तोंडाशी. तिचे डोळे मिटलेले होते. म्हणाली, "आई, कधीपासून हेच खावंसं वाटतंय."

मी तिच्या हातावर अशी चापट मारली की रोडगा मोरीपर्यंत घरंगळत गेला. नववा महिना लागलेल्या लेकीवर हात उगारला! ती रडायला लागली आणि मी तिला छातीशी धरलं. तिच्या ओठांना कणसुद्धा लागला नव्हता, तीनदा पाहिलं. पदरानं पुसून पुन्हा पाहिलं.

तुम्ही तिच्यासाठी नव्हता ठेवला, मला ठाऊक आहे. तुम्ही असं करणार नाही. पण तुम्ही आता जिथे आहात, तिथे कुणाचा वाटा कुणी खाल्ला हे कोण बघतं? आणि तिकडचे तुमच्या एकट्याचं ऐकतील का?

म्हणून ठरलं. उद्या भाऊजींना अडवणार नाही. कुंकू मीच माझ्या हातानं पुसणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. अंबाळ्याहून परस्पर धरणावर जाऊन हा रोडगा होता तिथे, त्याच राखेत परत पुरणार, आणि मागे न बघता नावेत बसणार.

आणि हा माझा शब्द. दर थंडीत मी येईन. पहिला रोडगा तुमचा, भरपूर ओवा घालून. बाळाचं काय नाव ठेवलं, कुणाचं नाक घेतलंय, सगळं चुलीशी बसून सांगेन. तुम्ही मात्र मंजूच्या वाटेला जाऊ नका, आणि मला हाक मारू नका. जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत, आणि मीच पानावर येत नाही. राग धरू नका हो. मी येणार आहेच, दुसरीकडे कुठे जाणार?

पण मले उशीर होईन. तुमी जेवून घ्या.

तुमचीच,
नलू